वाचकांचे प्रश्न : 49 नंबरचं पिंप

मागच्या अंकात जॉर्जियाचे दिग्दर्शक ओतार इओसेलियानी यांच्यावर मी जेमतेम दोन पानं लिहिली होती. तिबिलिसीत 2 फेब्रुवारी 1934 ला जन्म, तिथेच 17 डिसेंबर 2023 ला मृत्यू, मधली बरीच वर्षं फ्रान्समध्ये, एवढं सांगून मी त्यांच्या चित्रपटांतल्या आवाजांकडे वळले होते. मी तीस वर्षं ध्वनिसंकलनाच्या टेबलावर काढली, त्यामुळे माझी वाट तिथूनच जाते. त्या दोन पानांवर इतकी पत्रं आली की हा महिना पूर्ण त्यांनाच द्यायचा ठरवलं. काही प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत.

*प्रश्न : निफाडला आमची द्राक्षबाग आहे. थोडा माल वायनरीला जातो. मुलीने लॅपटॉपवर 'फॉलिंग लीव्हज' दाखवला. त्यातला नीको शेवटी पिंपात जिलेटिन ओततो. म्हणजे त्याने हजारो लिटर माल नासवला ना? मग आपण त्याला भला माणूस कसं म्हणायचं? आणि नावात पानगळ असून एक पान गळताना दिसलं नाही.*
— एक बागायतदार

तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण चित्रपटाचं वर्म तुम्ही नेमकं धरलंत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1966 चा कृष्णधवल चित्रपट. नीको आणि ओतार ही दोन तरुण मुलं तिबिलिसीच्या वाइन कारखान्यात एकाच दिवशी कामाला लागतात. ओतार साहेबांच्या मर्जीत राहणारा, नीको लाजाळू, कामगारांबरोबर बसणारा. जॉर्जिया तेव्हा सोव्हिएत संघात होता; कारखान्याला सरकारी योजनेचा आकडा गाठायचा आहे, म्हणून 49 नंबरच्या पिंपातली अजून तयार न झालेली वाइन बाटल्यांत भरायचा हुकूम येतो. सगळ्यांना ठाऊक आहे की ती कच्ची आहे. सगळे मान डोलावतात. नीको सही करत नाही, आणि शेवटी पिंपात जिलेटिन ओतून मोकळा होतो.

आता जिलेटिनचं. तुमच्या वायनरीतल्या माणसाला विचारा, तो सांगेल की ते विष नाही. वाइन निवळवण्यासाठी जिलेटिन वापरतातच. ते टॅनिनला धरतं, गाळ होऊन तळाशी बसतं, मग वरची स्वच्छ वाइन काढून घ्यायची. पण गाळ बसायला दिवस जावे लागतात. तोवर वाइन गढूळ, आणि गढूळ वाइन कोणी बाटलीत भरू शकत नाही. मला तरी असंच वाटतं की नीकोने पिंप नासवलं नाही, त्याला थांबायला लावलं. जो वेळ साहेब द्यायला तयार नव्हते, तो त्याने जबरदस्तीने मिळवून दिला. गोडी उतरायच्या आधी घड तोडायला लावणारा व्यापारी दारात उभा राहिला की काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगावं?

पानगळीचं कोडं भाषांतरातलं आहे. जॉर्जियन नाव 'गिओर्गोबिस्तवे'. नोव्हेंबर महिन्याचं ते जुनं नाव, म्हणजे संत जॉर्जचा महिना. त्याचा सण 23 नोव्हेंबरला येतो. द्राक्षतोडीला तिकडे 'रत्वेली' म्हणतात, ती सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आणि जॉर्जच्या महिन्यात नवी वाइन चाखण्याजोगी व्हायला लागते. रशियनमध्ये नाव झालं 'लिस्तोपाद', म्हणजे पानगळ, आणि इंग्रजीने तेच उचललं. मूळ नाव तुमच्यासारख्या माणसासाठी होतं : माल कधी तयार होतो ते सांगणारं.

सुरुवातीची काही मिनिटं मुलीला पुन्हा लावायला सांगा. तिथे कथा नाही. गावातली माणसं घड तोडतात, द्राक्षं तुडवतात, रस जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात जातो. त्या रांजणाला 'क्वेव्री' म्हणतात. आपल्याकडे धान्याचं पेव असायचं तसं त्याचं फक्त तोंड वर दिसतं. मग सगळे मिळून जेवायला बसतात आणि गातात. हे पाहून झालं की आपण थेट कारखान्यात, काचेच्या बाटल्यांच्या खणखणाटात येतो. त्या एका सांध्यावर मी कितीतरी वेळा थांबले आहे. रांजणाच्या ओल्या, बुजलेल्या आवाजावरून बाटल्यांच्या टणत्कारावर. पुढे नीको जे करतो त्याचं कारण त्या सांध्यात आपल्या कानावर पडून गेलेलं असतं.

1968 च्या कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला आणि त्याला समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला.

*प्रश्न : नावाचा नीट उच्चार काय? आणि आडनाव जॉर्जियन आहे की इटालियन?*

ओतार इओसेलियानी. पूर्ण जॉर्जियन. 'आनी' हा शेवट तिकडच्या पुष्कळ आडनावांत असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. आपल्याकडे धातू ओतणारा तो ओतारी. या ओतारांनी 1964 मध्ये रुस्तावीच्या पोलाद कारखान्यावर एक छोटा माहितीपट केला, त्याचं नाव 'तुजी', म्हणजे बीड, ज्याचा आपण तवा करतो ते ओतीव लोखंड. निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो. त्याआधी ते त्याच कारखान्यात स्वतः राबले होते आणि मासेमारीच्या बोटीवरही काम करून आले होते. पहिला चित्रपट 'एप्रिल' अडवला गेल्यानंतरचे ते दिवस. 'तुजी'त निवेदन नाही. भट्टीच्या धगीवर कामगार मांस भाजून खातात, मोठ्या पंख्यासमोर घामाने भिजलेला सदरा वाळवतात, आणि पूर्ण वेळ कारखाना गरगरत राहतो. जेमतेम 17 मिनिटं.

*प्रश्न : मी चित्रपटाचा अभ्यास करतो. 'पास्तोराली' आणि 'लेट देअर बी लाइट' पाहिले. दोन्हींत संवाद नीट ऐकू येत नाहीत, कित्येक वाक्यांना सबटायटल नाहीत. माझ्याकडची प्रत खराब आहे का?*

प्रत चांगली आहे. तुमच्यासारखीच शंका मलाही पहिल्यांदा आली होती. मी उठून स्पीकरच्या वायरी तपासल्या होत्या.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की संवादाचा ट्रॅक वर, बाकी सगळं खाली. पंखा फिरतोय, भांडं पडतंय, गाडी जातेय, पण नायिकेने तोंड उघडलं की सगळ्यांनी वाकायचं. मिक्सिंगच्या वेळी माझं निम्मं आयुष्य बाकीच्या आवाजांना वाकवण्यात गेलं. इओसेलियानी कुणालाच वाकवत नाहीत. माणसाचं बोलणं, कोंबडीचं ओरडणं, दाराची कडी, दूर कुठेतरी चाललेला पियानोचा रियाज, सगळे एका पंगतीत बसतात. वाक्य अर्धं ऐकू येतं, कारण रस्त्यावरून जाताना आपल्यालाही लोकांची वाक्यं अर्धीच ऐकू येतात. आणि अर्ध्या वाक्यातूनही आपल्याला कळतं की इथे भांडण आहे, इथे लग्न जमतंय, इथे कोणी उसने पैसे मागतोय.

'लेट देअर बी लाइट' (1989) त्यांनी सेनेगलमध्ये केला. त्यातली गावकरी मंडळी दिओला भाषेत बोलतात आणि ते बोलणं मुद्दाम भाषांतराविना ठेवलं आहे. मूकपटात असायच्या तशा पाट्या मधूनमधून येतात, तेवढ्याच. जंगल तोडणारे ट्रक येतात तेव्हा त्यांच्या आवाजाला मात्र पाटी लागत नाही. व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

हे कुठून आलं? तुम्ही अभ्यासक आहात म्हणून सविस्तर सांगते. इओसेलियानी आधी संगीताचे विद्यार्थी. तिबिलिसीच्या संगीत विद्यालयात पियानो, रचना आणि वाद्यवृंद संचालन शिकले. मग मॉस्कोत दोन वर्षं गणित, आणि ते सोडून तिथल्याच चित्रपट संस्थेत, जिथे आधी दोव्झेन्को आणि मग चिआउरेली हे दिग्दर्शक त्यांचे गुरू होते. चित्रीकरणाआधी ते संपूर्ण चित्रपट कागदावर चित्रांनी काढून ठेवत, चौकटीमागून चौकट. स्वरलिपी लिहावी तसा. पाहताना सगळं सहज घडल्यासारखं वाटतं, पण कोण कुठल्या दारातून कधी येणार हे मात्रांसारखं मोजलेलं असतं.

आणि जॉर्जियाचं गाणंच असं आहे. तीन आवाज, तिघांची चाल वेगळी, मधूनच एकमेकांना घासतात, आपल्या कानाला बेसूर वाटेल इतके, आणि शेवटी एका स्वरावर येऊन टेकतात. मुख्य गायक आणि साथीदार अशी आपली मांडणी तिथे लागू पडत नाही. एकट्याने गाता येत नाही, निदान तिघं लागतात. 1969 मध्ये इओसेलियानींनी या गाण्यांवरच वीसेक मिनिटांचा माहितीपट केला. स्वानेती, गुरिया, मेग्रेलिया, काखेती असे एकेक प्रदेश, आणि त्या त्या प्रदेशातली माणसं गातायत.

1977 मध्ये दोन व्हॉयेजर यानं अंतराळात गेली. त्यांच्याबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', आहे हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असतं. त्याच तबकडीवर काखेतीचं 'चाकरुलो' आहे, तीन आवाजांचं. दोन्ही एकामागून एक ऐका. केसरबाईंचा एकच अखंड आवाज, आणि मग ते पुरुष, एकमेकांत घुसणारे, एकमेकांना जागा देणारे. हे कानात राहू द्या आणि मग 'पास्तोराली' पुन्हा लावा. तिबिलिसीहून चार वादक रियाजासाठी मेग्रेलियातल्या खेड्यात येऊन राहतात, एवढीच गोष्ट आहे. वरच्या मजल्यावर व्हायोलिन, खाली अंगणात गावाचा गलका. कोण कोणाची साथ करतंय ते तुमचं तुम्ही ठरवा.

*प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. कामाला आहे, पण धड कशात नाही. कोणीही हाक मारली की धावतो. स्वतःचं एकही काम पुरं करत नाही. तुम्ही सुचवलेला 'लिव्ड वन्स अ साँग थ्रश' पाहिला आणि रात्रभर झोप लागली नाही. मला एवढंच सांगा, दिग्दर्शक त्या मुलाच्या बाजूने आहे की नाही?*
— ठाण्याची एक आई

ताई, तुमच्या पत्राचं उत्तर मी चार वेळा लिहून फाडलं.

1970 चा हा चित्रपट. गिया तिबिलिसीच्या ऑपेराच्या वाद्यवृंदात टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखे मोठे ढोल, वाजवतो. त्याला सुरुवातीला थोडं आणि अगदी शेवटी थोडं वाजवायचं असतं. मधल्या वेळात तो शहरभर फिरतो, मित्र, मैत्रिणी, आजारी माणसं, पाहुणे, सगळ्यांकडे डोकावतो, आणि धापा टाकत नेमक्या मात्रेला येऊन काठी उचलतो. संचालक चिडलेला, साहेब चिडलेले, पण ठोका चुकत नाही. त्याच्या डोक्यात एक धून आहे. ती लिहायला तो कागद घेऊन बसतो आणि कोणीतरी हाक मारतं. शेवटी रस्ता ओलांडताना तो वाहनाखाली येतो.

माझा मामा गिरगावात एका नाटक कंपनीत तिसरी घंटा द्यायचा. घंटा द्यायची, पडदा वर घ्यायचा, अंक संपला की खाली घ्यायचा. दोन पडद्यांच्या मधे तो कधी विंगेत सापडला नाही. कुणाच्या मुलीला दवाखान्यात पोचव, कुणाचं रॉकेल आणून दे, चाळीत कोणाचा नळ दुरुस्त कर. आणि अंक संपायच्या वाक्याला दोरीवर हात. आम्हा मुलांना तो जगातला सगळ्यात मोठा माणूस वाटायचा. आजी मात्र रोज रात्री म्हणायची, याचं कसं होणार? आजीची काळजी खरी ठरली. म्हातारपणी त्याच्या खोलीचं भाडं माझी आई भरत होती. ही गोष्ट लपवून मी तुम्हाला गियाचं कौतुक सांगितलं, तर तो खोटेपणा होईल.

म्हणून चित्रपटाकडे नीट पाहू. दिग्दर्शकाने गियाला सूट दिलेली नाही. ती धून अपुरी राहते, आणि तिचं अपुरं राहणं आपल्याला खुपावं म्हणूनच तिचे तेवढेच मोजके स्वर पुन्हा पुन्हा कानावर येतात. धोक्याच्या खुणाही आधीपासून आहेत. रंगमंचाच्या जमिनीतलं झाकण त्याच्या पाठीमागे उघडतं आणि तो थोडक्यात वाचतो. तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही, म्हणजे दिग्दर्शकाने जे पेरलं ते तुमच्यात रुजलं.

पण गिया गेल्यावर कॅमेरा त्याच्या घड्याळजी मित्राच्या दुकानात जातो. तिथे गियाने येता-जाता भिंतीत एक खुंटी ठोकून दिलेली असते. घड्याळजी येतो, आपली टोपी त्या खुंटीला अडकवतो आणि कामाला लागतो. मग घड्याळाची चाकं आणि त्यांची टिकटिक. मला विचाराल तर त्या खुंटीपाशी दिग्दर्शक गियाच्या बाजूला उभे आहेत, आणि अपुऱ्या धुनेपाशी तुमच्या बाजूला.

गियाचं काम गेला कांदेलाकी यांनी केलं आहे. ते स्वतः दिग्दर्शक. चेहरा असा की त्याला कोणी नाही म्हणू शकणार नाही. तुमच्या मुलाचाही तसाच असेल. त्याला जवळ बसवून हा चित्रपट दाखवावा असं मला वाटतं. वर काही बोलू नका.

*प्रश्न : 1982 नंतर इओसेलियानी फ्रान्सला गेले आणि श्रीमंतांच्या वाड्यांत रमले. तिथले चित्रपट जॉर्जियन म्हणायचे का? मला तरी ते आधीइतके भिडले नाहीत.*
— दादरचे एक जुने फिल्म सोसायटी सदस्य

तुमची अर्धी तक्रार मला मान्य आहे. 'जार्दां आं ऑतोन' (2006) मी दोनदा पाहिला. फ्रेंच नट मिशेल पिकोली म्हातारीच्या वेषात फार सुंदर दिसतात, पण दोन्ही वेळा मला चित्रपट सैल वाटला. पंगत मांडली आहे, गप्पा चालल्या आहेत, आणि कोणी उठून 49 नंबरच्या पिंपाकडे जात नाही.

पण 'ले फाव्होरी द ला ल्यून' (1984) पुन्हा पाहा. पॅरिसमध्ये जुन्या चिनी मातीच्या बशा आणि एक तैलचित्र हातोहात फिरतात. चित्र जितक्या वेळा चोरीला जातं तितक्या वेळा चौकटीतून कापून काढलं जातं, म्हणून दर वेळी लहान होत जातं. बशांचं काय होतं ते आवाजावरूनच कळतं. यालाही व्हेनिसला परीक्षकांचा विशेष पुरस्कार होता. 'लुंदी मातें' (2002) मधला वेल्डर एके सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी येऊन मागे वळतो आणि व्हेनिसला निघून जातो. 'तुजी'तला कामगार मला तिथे पुन्हा भेटला. त्या चित्रपटासाठी बर्लिन महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला.

आणि जॉर्जिया त्यांनी सोडला कुठे? देशात यादवी पेटली होती त्या काळात त्यांनी फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी 'सल, जॉर्जी' (1994) केला, चार तासांचा, आपल्या देशाचा इतिहास परक्यांना समजावून सांगणारा. दोन वर्षांनी 'ब्रिगाँ'. त्यात एकच नट मध्ययुगातला राजा होतो, क्रांतीच्या काळात सत्तेवरचा माणूस होतो आणि आजच्या काळात रस्त्यावरचा भणंग. छळाची हत्यारं बदलत जातात, छळणारे चेहरे तेच. तिथे मला हसू येत नाही. पुढे 'शांत्रापा' (2010) मध्ये एका तरुण जॉर्जियन दिग्दर्शकाची फिल्म मायदेशी अधिकारी कापतात आणि फ्रान्समध्ये निर्माते. दोन्हीकडे कात्री पाहिलेल्या माणसाने ते सांगितलं आहे, म्हणून मला ते पटतं.

*प्रश्न : माझ्या वडिलांची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली. ते जन्मभर चित्रपट पाहत आले. तुमचं सदर मी त्यांना वाचून दाखवतो. मागच्या वेळी ते म्हणाले, "बाईंना विचार, यातला मला कुठला ऐकता येईल?"*
— सातारा

त्यांना माझा नमस्कार सांगा. 'एप्रिल' लावा. 1962 मध्ये पुरा झालेला, तासाभराच्या आतला, आणि त्यात कळण्याजोगा संवादच नाही. माणसं बोलतात तेव्हाही नुसता सूर ऐकू येतो, भांडणसुद्धा सुरावरून ओळखायचं. त्यामुळे वडिलांच्या हातून फार काही निसटणार नाही.

हेडफोन नको. चांगला स्पीकर खोलीत ठेवा आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. सुरुवातीलाच एवढं सांगा : दोघं प्रेमात आहेत, त्यांना नव्या इमारतीत रिकामी खोली मिळाली आहे. पुढे ते ओठाला ओठ लावतात तेव्हा खोलीतला दिवा आपोआप लागतो, नळाला पाणी येतं, गॅस पेटतो. ते त्यांना त्या क्षणी हळूच सांगा. मग खोलीत सामान यायला लागेल. ते सांगायची गरज नाही. खुर्च्या, कपाटं, काचसामान, कुलपं, एकेकाचा आवाज वेगळा आहे, आणि पावलांचा घुमणारा आवाज हळूहळू कोंडत जाईल. रिकामी खोली कशी वाजते आणि भरलेली कशी, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

नळ कोरडा पडला, दिवा गेला, की पुन्हा सांगा. शेवटी धडाधड आवाज होतील. ती दोघं सगळं सामान खिडकीतून खाली टाकत असतात. पण ते आधी सांगू नका, त्यांना ओळखू द्या. ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा.